पहिला आला, पण जिंकला नाही: स्नोबॉल डर्बी आणि तुमचा सगळ्यात चांगला डेटा पॉइंट

फर्नेस लावली की १२०० अंशांपर्यंत पोचायला मिनिटाला पाच अंशांच्या हिशोबाने चार तास जातात. मधे लॅब सोडून जाता येत नाही आणि डोकं पेपर वाचण्याच्या अवस्थेत नसतं. अशाच एका रात्री मी मोबाइलवर अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीचे व्हिडिओ बघत बसले होते. गाड्यांचं मला काडीचंही वेड नाही. पण शर्यत संपल्यानंतर जे घडतं ते बघून मी उठून बसले, कारण त्याच आठवड्यात माझ्या डेटाच्या बाबतीत मी नेमका त्याच जागी अडकले होते.

आज ती शर्यत, त्यातलं थोडं भौतिकशास्त्र आणि माझी ती अडचण, तिन्ही सांगते. तुम्ही नेटची तयारी करत असाल, एमएस्सीचा प्रोजेक्ट करत असाल किंवा पीएचडीला नुकतंच नाव नोंदवलं असेल, तर हे पुढे कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येणार आहे.

डिसेंबरातली जत्रा

फ्लोरिडा राज्यात पेन्साकोला नावाचं शहर आहे. या शहरावर इतिहासात पाच वेगवेगळे झेंडे फडकले, म्हणून तिथल्या रेस ट्रॅकचं नाव फाइव्ह फ्लॅग्ज स्पीडवे. ट्रॅक १९५३ सालचा. लांबी अवघी अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर. आपल्या कॉलेजच्या मैदानावरच्या दोन फेऱ्या म्हणा ना. वर्षभर तिथे स्थानिक शर्यती होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला मात्र गावाला जत्रेचं रूप येतं, कारण तेव्हा स्नोबॉल डर्बी असते. १९६८ पासून चालत आलेली ही ३०० फेऱ्यांची शर्यत. उत्तरेकडच्या राज्यांत तोवर थंडीमुळे हंगाम संपलेला असतो, त्यामुळे तिकडचे ड्रायव्हरही गाड्या ट्रेलरवर लादून इथे येतात. टीव्हीवर दिसणारे मोठे ड्रायव्हर आणि आठवडाभर गॅरेजमध्ये काम करून रविवारी गाडी पळवणारे, दोघं एकाच रांगेत उभे राहतात. १९९४ मध्ये टॅमी जो कर्क ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली आणि २०१० मध्ये पेन्साकोलाच्याच जोहाना लाँगने ती जिंकली.

इथे पळणाऱ्या गाड्यांना स्टॉक कार म्हणतात. त्यातल्या या वर्गाचं नाव सुपर लेट मॉडेल. बाहेरून त्या साधारण रोजच्या गाडीसारख्या दिसतात, आत मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा असतो. एक फेरी १६-१७ सेकंदांत होते. ट्रॅक लंबगोल आणि दिशा घड्याळाच्या उलट, म्हणून गाडी कायम डावीकडेच वळते. ही डावीकडची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला कोण, हे कधी ठरतं?

तुम्ही म्हणाल, शेवटची रेषा जो आधी ओलांडेल तो पहिला. इथे तसं नाही. झेंडा पडतो, विजेता गाडीतून बाहेर येतो, फोटो होतात. मग ती गाडी तपासणीच्या शेडमध्ये जाते. टीमलाच तिचे भाग सोडवायला लावतात आणि तपासनीस एकेक भाग नियमांच्या पुस्तकाशी ताडून बघतात. रिकी ब्रुक्स या मुख्य तपासनीसाच्या काळात या शेडची इतकी दहशत बसली की तिला ‘रूम ऑफ डूम’ असं नाव पडलं. निकाल पक्का होतो तो तिथून बाहेर आल्यावर.

आणि हे नुसतं दाखवण्यापुरतं नाही. २०१३ साली चेस एलियटने रेषा सगळ्यांत आधी ओलांडली. नास्कारचा माजी विजेता बिल एलियट याचा हा मुलगा. २०११ मध्ये वयाच्या १६ व्या वर्षी त्याने हीच शर्यत जिंकलेली. म्हणजे कुणी अनोळखी नवखा नव्हे. पण तपासणीत त्याच्या गाडीत टंगस्टनचा तुकडा सापडला. वजन म्हणून टंगस्टन वापरायला नियमाने बंदी होती. एलियट बाद झाला आणि विजेता ठरला एरिक जोन्स. २०१५ मध्ये उलट झालं. आधी पोचलेला ख्रिस्तोफर बेल तपासणीत बाद झाला आणि विजय एलियटकडे आला. २०१९ मध्ये स्टीफन नासे पहिला आला, ब्रेकच्या भागांवरून बाद झाला आणि ट्रॅव्हिस ब्रेडन जिंकला.

३०० फेऱ्या, हजारो लोकांसमोर, आणि एका धातूच्या तुकड्यावरून सगळं पाण्यात! माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती: एवढ्याशा तुकड्याने असा काय फरक पडणार? चार तास हाताशी होतेच. म्हटलं, गणित करून बघू.

टंगस्टनच का?

प्रत्येक गाडीचं किमान वजन नियमात ठरलेलं असतं. टीम काय करतात, गाडी मुद्दाम त्यापेक्षा हलकी बांधतात आणि उरलेलं वजन शिशाच्या ठोकळ्यांनी भरून काढतात. एकूण वजन तेवढंच, पण ठोकळे कुठे लावायचे ते आपल्या हातात. त्यांना ते हवे असतात शक्य तितके खाली आणि शक्य तितके डावीकडे.

कारण असं. गाडी डावीकडे वळताना उजव्या चाकांवर भार वाढतो आणि डाव्या चाकांवरचा कमी होतो. बस वळण घेते तेव्हा उभे प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतात, तेच इथे. किती भार सरकतो? गाडीचं वस्तुमान गुणिले वळणाचं त्वरण गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर.

आकडे घालू. समजा गाडी १२५० किलोची, गुरुत्वमध्य ४० सेंटीमीटर उंचीवर, चाकांमधलं अंतर १६० सेंटीमीटर आणि वळणाचं त्वरण गुरुत्वत्वरणाएवढं. ट्रॅकचा उतार सोयीसाठी सोडून देऊ. सरकणारा भार येतो ३१२.५ किलो. गाडी निम्मी-निम्मी तोललेली असेल तर वळणात डाव्या बाजूला ३१२.५ आणि उजव्या बाजूला ९३७.५ किलो राहतात. तेच सुरुवातीला ५८ टक्के वजन डावीकडे असेल, तर वळणात ४१२.५ आणि ८३७.५.

तुम्हाला वाटेल, बेरीज तर तेवढीच आहे, पकड का बदलावी? शाळेत आपण शिकतो की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं. रबराच्या टायरचं तसं नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमी वाढते. त्यामुळे चारही चाकांवर भार जितका सारखा वाटला जाईल तितकी एकूण पकड जास्त. म्हणून डावीकडचं वजन हवंहवंसं असतं, आणि म्हणूनच ते किती टक्के असावं यावरही नियम असतो.

आता टंगस्टन. शिशाची घनता ११.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, टंगस्टनची १९.३. दहा किलो शिसं साधारण ८८० घन सेंटीमीटर जागा घेतं, तेवढंच टंगस्टन ५२० घन सेंटीमीटरमध्ये बसतं. तळाचं क्षेत्रफळ तेच ठेवून शिशाचा ठोकळा १० सेंटीमीटर उंच असेल, तर टंगस्टनचा जेमतेम ६ भरेल. त्या ठोकळ्याचा मध्य २ सेंटीमीटर खाली आला. पण गाडी १२५० किलोची, ठोकळा १० किलोचा. अख्ख्या गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो ०.१६ मिलिमीटर. सरकणाऱ्या भारात पडणारा फरक सुमारे १२५ ग्रॅम.

३१२ किलोमध्ये १२५ ग्रॅम!

हे आकडे माझ्या कल्पनेतल्या गाडीचे आहेत, एलियटच्या नाही. पण एका लहान तुकड्याने शर्यतीचा निकाल फिरत नाही, एवढं या गणितातून दिसतं. मग त्याला बाद करणं अन्याय होता का?

त्या रात्री मला तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर तसं वाटावं अशी माझी गरजही होती.

माझ्याकडचा टंगस्टनचा तुकडा

मी आयन वाहून नेणाऱ्या सिरॅमिक पदार्थांवर काम करते. पावडर दाबून पेलेट करायची, फर्नेसमध्ये भाजायची, मग वेगवेगळ्या तापमानांना तिची वाहकता मोजायची. पेलेट नीट भाजली गेली की नाही ते घनतेवरून कळतं. पहिल्याच वर्षी मी स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलं होतं: सैद्धांतिक घनतेच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी भरलेली पेलेट मोजायची नाही.

सात वेगवेगळ्या मिश्रणांच्या पेलेट केल्या. पाच पास झाल्या. दोन राहिल्या ८७ आणि ८८ टक्क्यांवर. परत करायच्या तर आठवडाभराचं काम, आणि परिषदेला सारांश पाठवायची तारीख तोंडावर. मी म्हटलं, मोजून तर बघू. तर ८८ टक्केवालीची वाहकता मूळ पदार्थाच्या पाचपट आली. सातांमध्ये सगळ्यात जास्त. ‘पाचपट’ हा शब्द घालून मी सारांश पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला.

माझं समर्थन तयार होतं, आणि ऐकायला ते शास्त्रीयही होतं. घनता कमी म्हणजे आत पोकळ्या. पोकळीतून आयन जात नाहीत. म्हणजे पोकळ्यांमुळे वाहकता कमीच दिसायला हवी. तरी ती एवढी आली, तर घट्ट पेलेटची आणखीच जास्त येईल. म्हणजे मी नियम मोडला तोही स्वतःच्या तोट्याचा! मग काय फरक पडतो?

लॅबमधल्या सीनिअर ताईने पोस्टरचा मसुदा बघताना नोंदवही मागितली. पानं उलटत तिने विचारलं, “ही ८८ वाली का घेतलीस गं?”

मी वरचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असेल तुझं बरोबर. पण ते तू ठरवणार का? ९० ची रेघ तूच मारली होतीस ना, तेव्हा तुला कुठली पेलेट जिंकणार हे माहीत नव्हतं.”

मी चिडले. त्याच रात्री फर्नेससमोर बसून ते टंगस्टनचं गणित केलं, बहुतेक ताईला चुकीचं ठरवायलाच. पण गणित संपवून वहीकडे बघितलं तेव्हा एक गोष्ट टोचली. ‘एवढ्याने काही होत नाही’ हे सिद्ध करायला मी एकच वाट तपासली होती: ठोकळ्याची उंची. टंगस्टनमुळे जागा वाचते. त्या जागेत आणखी काय बसवता येईल? ठोकळा चार-पाच इंच डावीकडे सरकवता येईल का? ते मी बघितलंच नव्हतं. आणि पेलेटच्या बाबतीतही मी एकच वाट तपासली होती.

त्या आठवड्यात मी त्याच मिश्रणाच्या तीन नव्या पेलेट केल्या. तिन्ही ९३ टक्क्यांच्या वर. वाहकता पाचपट नाही आली, दीडपट आली. तिन्ही वेळा.

मग जुन्या पेलेटला काय झालं होतं? मी ती जुलैत मोजली होती. बाहेर धो धो पाऊस, हवेत दमट ओल. पोकळ्या असलेली पेलेट पाणी धरून ठेवते आणि कमी तापमानाला त्या पाण्यातूनही प्रवाह जातो. जुनी पेलेट रात्रभर १५० अंशांना वाळवून पुन्हा मोजली तर आकडा खाली आला. पोकळ्या वाहकता कमी करतात हे माझं म्हणणं बरोबर होतं. त्या दुसऱ्या वाटेने ती वाढवूही शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तपासनीस बरोबर होता का?

माझं उत्तर: हो. कारणं तीन आहेत, आणि तिन्ही तुम्हाला संशोधनात उपयोगी पडतील.

पहिलं. नियम शर्यतीच्या आधी ठरतो, तेव्हा कोण जिंकणार हे कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच तो निःपक्ष असतो. निकाल बघून ‘या वेळी चालवून घेऊ’ म्हटलं की तो नियम राहत नाही, आपली आवड होते. तुमचे नियमही तसेच आधी लिहा: कुठला नमुना बाद, किती वेळा मोजायचं, कुठला पॉइंट वगळायचा. नंतर नियम चुकीचा वाटला तर जरूर बदला. पण मग तो सगळ्या नमुन्यांना लावा आणि बदल केला हे लिहा. मी ९० चे ८५ केले असते तर ८७ वालीही आत घ्यावी लागली असती. ती मी घेतली नव्हती, कारण तिचा आकडा वाईट होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

दुसरं. ‘फरक पडत नाही’ हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा फायदा होणार त्याच्याकडे नसावा. टीमने कितीही सुंदर गणित मांडलं तरी तपासनीस ते ऐकत नाही. तो टीमला खोटारडी म्हणत नसतो. त्याला हेतू मोजायचा नाही, परिणामही मोजायचा नाही. फक्त तुकडा आहे की नाही ते बघायचं. यात एक दिलासाही आहे. नियमात न बसणारा पॉइंट काढला म्हणजे तुम्ही लबाड ठरत नाही. चूक मुद्दाम केली की नकळत, हा प्रश्नच तिथे उरत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे पुढे आलेल्या गाड्याच सगळ्यात कसून उघडतात. का? वेगवान ड्रायव्हर लबाड असतात म्हणून नव्हे. एखादी गाडी पहिली येण्याची कारणं अनेक: ड्रायव्हर चांगला, टायर जपून वापरले, नशीब, आणि कधीकधी नियमाबाहेरचा एखादा भाग. नियमाबाहेरचा भाग फायद्याचा असेल तर तो असलेली गाडी मागे राहण्यापेक्षा पुढे येण्याची शक्यता जास्त. म्हणजे पहिल्या क्रमांकावर गडबड सापडण्याची शक्यता मधल्या कुठल्याही क्रमांकापेक्षा जास्त असते. डेटाचंही असंच आहे. सात नमुन्यांतून सगळ्यात मोठा आकडा उचललात, तर त्यात खऱ्या गुणासोबत चूकही निवडून येण्याची शक्यता वाढते. आपण मात्र उलटं वागतो. वाईट आकडा आला की यंत्र तपासतो, वायर हलवून बघतो, परत मोजतो. चांगला आकडा आला की चहा प्यायला जातो.

तुम्ही काय करू शकता

पहिल्या महिन्यातच एका पानावर तुमचे बाद करण्याचे नियम लिहा, तारीख घाला आणि गाइडना दाखवा. हे पान नोंदवहीच्या सुरुवातीला हवं, शेवटी नको.

सगळ्यात चांगला निकाल आला की त्या दिवशी कुणालाही सांगू नका. नमुना पुन्हा करा, जमलं तर तीनदा. शक्य असेल तर एकदा दुसऱ्या कुणाला तरी मोजू द्या, आणि हा ‘चांगला’ नमुना आहे हे त्याला सांगू नका.

नोंदवही अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुमच्या पोस्टरशी काही देणंघेणं नाही. आमच्याकडे आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोघं दोघं एकमेकांच्या वह्या उघडतात. गंमत म्हणून आम्ही त्याला ‘शेड’ म्हणतो.

‘याने फरक पडत नाही’ असं वाक्य तोंडात आलं की ते वहीत लिहा आणि त्याखाली लिहा: हे मी कसं तपासलं? उत्तर कोरं राहिलं तर तो पॉइंट आलेखात जाणार नाही.

माझ्या सारांशाचं काय झालं? सरांना सांगताना हात थरथरत होते. ते एवढंच म्हणाले, “आयोजकांना आजच लिही.” लिहिलं. आयोजकांनी सुधारित सारांश घेतला. पोस्टरवर ‘पाचपट’च्या जागी ‘दीडपट’ आलं. बक्षीस मिळालं नाही. पण दमट हवेत ठेवलेल्या आणि वाळवलेल्या पेलेटची तुलना करणारा छोटा आलेख मी कोपऱ्यात लावला होता आणि त्या दिवशी बहुतेक लोक त्याच आलेखापाशी थांबून प्रश्न विचारत होते. आता माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच आहे.

आणि एलियट? त्याने गाड्या चालवणं सोडलं नाही. २०२० मध्ये तो नास्कार कपचा विजेता झाला. २०१३ च्या स्नोबॉल डर्बीचा विजेता मात्र आजही एरिक जोन्सच आहे.